सामाईक श्वास

नट हा हवेवर जगणारा प्राणी आहे, असें आमच्या धंद्याविषयीं थट्टेनें म्हणण्याची चाल आहे. या थट्टेचा रोंख आमच्या अनिश्चित प्राप्तीकडे असतो हें उघडच आहे. परंतु ती शब्दशः घेतली तरीहि खोटी ठरत नाहीं. चित्रकाराला फलक लागतो, शिल्पकाराला पाषाण लागतो, लेखकाला निदान कागद तरी लागतो. नटाचें सारें भांडवल म्हणजे छातींत भरून घेतलेली हवा आणि ती शब्दरूपानें बाहेर टाकण्याची कला. एका बंद वास्तूंत सात-आठशें माणसें दोन-तीन तास शेजारीं शेजारीं बसतात, एकच हवा आंत घेतात व बाहेर सोडतात, आणि त्या सामाईक हवेवरून आमचें वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन पोंचतें. हंशा पिकला म्हणजे ती हवा उसळते. शोकाच्या प्रसंगीं सर्वांचा श्वास क्षणभर अडला म्हणजे ती थिजते. तीस-बत्तीस वर्षें रंगभूमीवर वावरलेल्या नटाला डोळे मिटूनहि सांगतां येतें कीं, समोरचे प्रेक्षक आज आपले झाले आहेत कीं नाहींत.

मासा पाण्याचा विचार करीत नाहीं. पाणी आटूं लागलें म्हणजे मात्र त्याला दुसरा विचारच सुचत नाहीं. मार्च २०२० च्या मध्यास करोनाच्या साथीमुळें महाराष्ट्रांतील मोठ्या शहरांच्या नाट्यगृहांचीं दारें लागलीं, आणि नटाची स्थिति त्या माशासारखी झाली. ज्या कायद्याच्या आधारें हीं दारें लागलीं तो १८९७ सालचा साथरोग कायदा होता. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईंत प्लेग प्रकट झाला, गांवेंच्या गांवें माळावर झोंपड्या घालून राहूं लागलीं, त्या धामधुमींत तो जन्मास आला. पणजोबांच्या पिढीसाठीं केलेल्या कायद्यानें पणतवांच्या पिढीचा पडदा पाडावा, हा योगायोग चमत्कारिक खरा. परंतु रंगभूमीला तो अगदींच अपरिचित नाहीं. लंडन शहरांत १५९२ ते १५९४ या काळांत प्लेगमुळें नाटकगृहें बहुतेक बंदच होतीं, आणि त्या दिवसांत शेक्सपिअर नांवाचा एक उमेदवार नट व नाटककार त्याच शहरांत पोट भरण्याच्या विवंचनेंत होता. साथ आली कीं पहिलें कुलूप नाटकाला, हा दंडक फार जुना आहे.

पुढें बाजार उघडले, मद्याचीं दुकानें उघडलीं. नाट्यगृहें मात्र बंदच राहिलीं. आमच्या धंद्यांतील पुष्कळांना हा रंगभूमीचा उपमर्द वाटला. संताप समजण्यासारखा होता. परंतु शास्त्र काय सांगत होतें तेंहि पाहिलें पाहिजे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यांत स्कॅजिट व्हॅली येथील एका गायकमंडळीनें १० मार्च २०२० रोजीं सुमारें अडीच तास तालीम केली. तालमीला ६१ माणसें होतीं. त्यांपैकीं ५३ जणांना रोग झाला किंवा झाला असावा असें तपासणींत ठरलें, आणि दोघे दगावले. कोणी कोणाच्या तोंडावर खोकलें नव्हतें. सर्वांनीं मिळून एका खोलींत मनापासून गाइलें, एवढेंच. माणूस जितक्या मोठ्यानें बोलतो वा गातो, तितके अधिक सूक्ष्म तुषार त्याच्या मुखांतून बाहेर पडतात व ते हवेंत तरंगत राहतात. म्हणजे स्वच्छ, खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत पोंचणारा आवाज हा जो नटाचा सर्वांत मोठा गुण, तोच त्या वेळीं सर्वांत मोठा धोका ठरला. ज्या सान्निध्यामुळें रस पसरतो त्याच सान्निध्यामुळें रोगहि पसरतो. नाट्यगृह बंद ठेवणें हा नाटकाचा अपमान नव्हता. नाटकाची शक्ति सरकारी कागदावर मान्य झाल्याचा तो एक कडवट दाखला होता.

त्या दाखल्याची किंमत मात्र सर्वांना सारखी द्यावी लागली नाहीं. वाचकांपैकीं पुष्कळांस कदाचित् माहीत नसेल कीं, नाटकाच्या धंद्यांत पगार नसतो, 'नाईट' असते. प्रयोग झाला तर नाईट. न झाला तर कांहीं नाहीं. नटाला नाईट, तशीच ती पडदा ओढणाऱ्याला, नेपथ्य लावणाऱ्याला, दिवे सांभाळणाऱ्याला, कपडेपट पाहणाऱ्याला व रंगभूषा करणाऱ्यालाहि. नांवाजलेल्या नटाला चित्रपटाचा, मालिकेचा, निदान शिलकीचा आधार असतो. पडद्यामागच्या माणसाला पडद्याचाच आधार. आमच्या मंडळींतील एक रंगमंच कामगार कोंकणांत आपल्या गांवीं जाऊन भाताच्या लावणीला लागला. दुसऱ्यानें हातगाडीवर भाजी विकली. तिसरा एका गृहसंकुलाच्या दाराशीं रात्रीचा पहारा करूं लागला, तो म्हणे, "दादा, जागरणाची संवय होतीच, ती कामास आली." कित्येक नटांनीं, निर्मात्यांनीं व संस्थांनीं या लोकांस शिधा व पैसा पोंचविला, हें आमच्या धंद्याला भूषणावह आहे. परंतु दानावर घर चालतें तें दिवसांच्या हिशेबानें, महिन्यांच्या नव्हे. २०२० मध्यें भरावयाचें शंभरावें मराठी नाट्य संमेलन लांबत लांबत जानेवारी २०२४ मध्यें पिंपरी-चिंचवड येथें भरलें. संमेलन चार वर्षें थांबूं शकतें. चूल थांबूं शकत नाहीं.

१८४३ सालीं ५ नोव्हेंबर रोजीं विष्णुदास भाव्यांनीं सांगलीस 'सीतास्वयंवरा'चा प्रयोग केला, म्हणून तो दिवस आपण मराठी रंगभूमि दिन म्हणून पाळतों. २०२० सालीं नेमक्या त्याच दिवसापासून नाट्यगृहें अर्ध्या आसनांवर चालविण्याची परवानगी मिळाली. एप्रिल २०२१ मध्यें तीं पुन्हां बंद झालीं. २२ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हां अर्धीं उघडलीं. आणि एप्रिल २०२२ च्या आरंभीं उरलींसुरलीं बंधनें उठलीं. या अर्ध्या घराचा अनुभव नटाला फार शिकवून गेला. एक खुर्ची भरलेली, एक रिकामी. विनोदाचें वाक्य पडे, हंशा उगवे, आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीपाशीं येऊन तो विझे. हंसणें हासुद्धां एक संसर्गच आहे. शेजाऱ्याच्या खांद्याचा हेलकावा लागल्यावांचून पुष्कळांना मोकळेपणीं हंसतां येत नाहीं. तिकिटें निम्मीं खपलीं म्हणून उत्पन्न निम्में झालें, हें व्यवस्थापकाचें गणित. परंतु हंशा निम्मा झाला नव्हता, तो एक चतुर्थांशावर आला होता, हें आमच्या कानांचें गणित. नाटकाला दोनच वस्तू खऱ्या अपरिहार्य आहेत, एक माणूस व त्याच्याबरोबर तीच हवा घेणारीं इतर माणसें. बाकीचें सारें त्यांच्या सोयीसाठीं आहे, हें पुस्तकांत वाचलेलें वाक्य त्या दिवसांत प्रत्यक्ष भेटलें.

हा न्याय नाट्यगृहाच्या भिंतींपाशीं थांबत नाहीं. ज्याला आपण पर्यावरण म्हणतों तेंहि एक प्रेक्षागृहच आहे. फक्त त्याला बाहेर जाण्याचें दार नाहीं. टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यांत जालंदर शहरांतून धौलाधारचीं हिमशिखरें दिसूं लागलीं, तेव्हां सर्व देश हरखून गेला. आमच्या घरच्या गच्चीवरूनहि आकाश असें निळें दिसे कीं, आमच्या वहिनींनीं वाळवण घालतांना, "एवढी स्वच्छ हवा आणि नेमकी तोंडाला फडकें बांधून घ्यायची!" असा उद्गार काढला. निसर्ग बरा होत आहे, माणसानें थोडें थांबावें हेंच खरें, असे उपदेश त्या दिवसांत घरोघर पोंचत. परंतु हिशेब तसा नव्हता. २०२० सालीं साऱ्या जगाचे कारखाने, विमानें व मोटारी थबकल्या, तरी कर्बवायूचें उत्सर्जन सुमारें पांच टक्केच घटलें, आणि २०२१ मध्यें तें जवळजवळ पूर्वपदावर आलें. वातावरणांत साठलेला कर्बवायु तर त्या वर्षींहि वाढतच होता. कारण भरत असलेल्या हौदाचा नळ किंचित् बारीक केला म्हणून हौद रिकामा होत नाहीं. धूळ व धूर यांचें तेंच. मुंबईची हवा इतकी बिघडली कीं, ऑक्टोबर २०२३ मध्यें उच्च न्यायालयानें आपण होऊन तिची दखल घेतली.

यावरून आम्हांस एक गोष्ट स्वच्छ दिसते. नुसतें थांबणें हा पर्यावरणाचा उपाय नव्हे. थांबण्याचें मोल पहिल्यानें नाईटवर जगणारा माणूस देतो, आणि त्यानें दिलेल्या मोलांत आकाश फार दिवस निळें राहत नाहीं. पाहिजे आहे तें काम चालूं ठेवून कामाची रीत बदलणें. ही रीत कोणीं बदलावी? प्रत्येकानें आपल्या घरांत. म्हणून जगाच्या कारखान्यांचा विचार क्षणभर बाजूस ठेवून आम्ही आमच्या घराचा, म्हणजे नाटकाच्या संसाराचा, जमाखर्च मांडून पाहतों.

पहिली बाब उजेडाची. टेंभ्यांच्या व ग्यासबत्त्यांच्या उजेडांत उभी राहिलेली रंगभूमि पुढें विजेवर आली, हें योग्यच झालें. परंतु जुन्या पद्धतीचा हजार वॉटचा दिवा घेतलेल्या विजेपैकीं नव्वद टक्क्यांहून अधिक विजेची नुसती उष्णता करतो. असे चाळीस दिवे लागले कीं रंगमंचाची भट्टी होते, आणि मग ती उष्णता घालविण्यासाठीं वातानुकूलन यंत्राला आणखी वीज पाजावी लागते. एका हातानें तापवावयाचें, दुसऱ्या हातानें निववावयाचें, आणि दोन्ही हातांची मजुरी द्यावयाची! नवा एलईडी दिवा तेवढाच उजेड सुमारें चौथ्या-पांचव्या हिश्श्याच्या विजेंत देतो. ही वीज कोठून येते? महाराष्ट्रांतील विजेचा मोठा भाग अद्यापि कोळशापासून निघतो, आणि राज्यांतील एक फार मोठें औष्णिक केंद्र चंद्रपुरास आहे. दौऱ्यावर चंद्रपुरास गेलें म्हणजे समोर बसलेल्या प्रेक्षकांचे श्वास मनांत येतात. पुण्याच्या रंगमंचावर चांदणें पडावें म्हणून त्यांच्या आकाशांत धूर सुटतो. ते मात्र तिकीट काढून टाळ्या देऊन जातात.

दुसरी बाब नेपथ्याची. टाळेबंदीच्या पहिल्या पावसाळ्यानंतर आमच्या नाटकाचें सामान पाहावयास आम्ही व व्यवस्थापक गोदामांत गेलों. दार उघडतांच बुरशीचा दर्प आला. प्लायवुडचे फ्लॅट फुगून फाटले होते, लेव्हलींना वाळवी लागली होती, आणि थर्मोकोलचे खांब मात्र जसेच्या तसे, नव्या नवरीसारखे उजळ उभे होते. ज्याला कुजावयाचें नाहीं तेंच टाकून द्यावें लागतें, आणि जें जपावयाचें तें कुजतें, असा तो विपरीत संसार होता. एक नाटक बंद पडलें कीं त्याचें नेपथ्य मोडीत जातें, दुसऱ्यासाठीं नवें लांकूड येतें. जाहिरातीचे फ्लेक्स गटारांत नाहीं तर झोंपडीच्या छपरावर जातात. ही या काळांतील चाल आहे, परंपरा नव्हे. १८८० सालीं पुण्यास 'शाकुंतला'चा पहिला प्रयोग झाला तेव्हांपासून पुढें कित्येक वर्षें आमच्या नाटकमंडळ्या जंगलाचा पडदा, राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा अशी पुंजी घेऊन गांवोगांव हिंडल्या. एकाच जंगलांत अनेक नायिका विरहानें झुरल्या, आणि प्रेक्षकांना त्यांत कांहीं खटकलें नाहीं. पुढें वैभवाचा काळ आला. बालगंधर्वांच्या मंडळीचें ऐश्वर्य आणि तिच्यावरील कर्ज, हीं दोन्ही इतिहासांत शेजारीं शेजारींच नमूद आहेत.

आपल्या जुन्या घरांत हें शहाणपण निराळें शिकवावें लागत नसे. आमच्या आजीचें नऊवारी लुगडें जुनें झालें कीं त्याचीं दुपटीं होत, दुपट्यांची गोधडी होई, गोधडीचें पायपुसणें होई, आणि शेवटची चिंधी कंदिलाची कांच पुसण्याच्या कामीं येई. त्याला कोणी पर्यावरण म्हणत नसे. नेटका संसार म्हणत. २०२१ सालीं ब्रिटनमधील रंगकर्मींनीं 'थिएटर ग्रीन बुक' नांवाची एक नियमावली केली. तिच्या पहिल्या पायरीवरचा नियम असा कीं, नाटकाला लागणाऱ्या सामानापैकीं निम्में तरी पूर्वीं कोठें वापरलेलें असावें, आणि नाटक संपल्यावर ६५ टक्के सामान पुन्हां कोठें तरी वापरांत जावें. आजीच्या लुगड्याला या परीक्षेंत पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

हा विचार आम्हीं मंडळींत मांडला, तेव्हां दोन हरकती आल्या. पहिली निर्मात्यांची. ते म्हणाले, "प्रेक्षक चारशें रुपये मोजतो तो पडदा उघडतांच डोळे दिपावे म्हणून, रिकाम्या चौकटी पाहावयास तो घर सोडून कशाला येईल?" या हरकतीला उत्तर देणें फारसें कठीण नव्हतें, कारण अर्ध्या घराच्या दिवसांत प्रेक्षक कशासाठीं तळमळत होता तें त्यांनींहि पाहिलें होतें. दुसरी हरकत मात्र आम्हांस गप्प बसविणारी होती. कोंकणांतून लावणी आटोपून परत आलेला आमचा तो कामगार म्हणाला, "दादा, सेट लहान केलात तर चार माणसांच्या जागीं दोन पुरतील. आभाळ वांचवायचं खरं. पण आमचं घर त्याच आभाळाखालीं आहे."

पर्यावरणाचीं भाषणें करणाऱ्या प्रत्येकानें हें वाक्य दाराच्या आंतल्या बाजूस लिहून ठेवावें असें आम्हांस वाटतें. गरिबाच्या ताटांतील घांस काढून पृथ्वीला नैवेद्य दाखविणें हा धर्म नव्हे. अनेक दिवस चर्चा होऊन शेवटीं असें ठरलें: नव्या नाटकाचें नेपथ्य सहा सुट्या लांकडी चौकटींवर बेतावयाचें; त्यांवरचें कापड तेवढें नाटकागणिक बदलावयाचें; चौकटी पुढच्या नाटकाला चालवावयाच्या. सामान बसच्या टपावर व पोटांत मावूं लागलें, त्यामुळें निराळ्या टेंपोची गरज राहिली नाहीं. वांचलेल्या भाड्यांतून व लांकडाच्या पैशांतून दुरुस्ती, शिवण व रंगकाम यांची मजुरी त्याच चौघांना द्यावयाची. जुनें टिकविण्याला नवें आणण्यापेक्षां लांकूड कमी लागतें, पण हात अधिक लागतात. आणि आपल्या देशांत लांकडापेक्षां हातच अधिक आहेत. हा हिशेब सर्वस्वीं निर्दोष आहे असें नाहीं. टेंपोवाल्याची फेरी गेली ती गेलीच. परंतु चौघांची नाईट शाबूत राहिली, आणि प्रयोगानंतर एकाहि प्रेक्षकानें भिंती कोठें गेल्या म्हणून विचारलें नाहीं.

नटानें पर्यावरणावर व्याख्यानें द्यावीं कीं काय, असा प्रश्न आम्हांस पुष्कळदां विचारला जातो. आमचें उत्तर असें कीं, अभिनय या शब्दांतच तें सांगितलें आहे. अभि म्हणजे समोर, आणि नी म्हणजे नेणें. जें सांगावयाचें तें प्रेक्षकांच्या समोर नेऊन ठेवावें, त्यांच्या डोक्यावर आपटूं नये. सहा चौकटींत उभा राहिलेला राजवाडा लोकांनीं खरा मानला, तर थोडक्यांत पुष्कळ होऊं शकतें ही गोष्ट त्यांच्या मनांत आपोआप उतरते. थोडक्यांतून पुष्कळ निर्माण करणें हेंच तर आमचें मूळचें कसब.

आतां वाचकांस दोन शब्द. परदेशांत नाटकाच्या कर्बवायूचें मोजमाप झालें तेव्हां प्रेक्षकांच्या जाण्यायेण्याचाच त्यांत बहुधा फार मोठा वांटा निघाला. म्हणजे हा संसार आमच्या एकट्याचा नाहीं. त्यांत आपणहि भागीदार आहांत. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला सामाईक कोठाराचा धर्म समजावून सांगावा लागत नाहीं: आपलें पान वाढून घेतांना मागच्या पंगतीचा अंदाज ठेवावयाचा. हवेचें कोठार तसेंच आहे, आणि त्याची मागची पंगत म्हणजे आपलीं नातवंडें. तेव्हां नाटकास येतांना शेजारचें बिऱ्हाड बरोबर घ्या, चार मोटारींऐवजीं एक आणा, बस असेल तर बसनें या, घरची पाण्याची बाटली जवळ ठेवा. आणि सर्दी-पडसें असेल त्या दिवशीं तिकीट दुसऱ्यास देऊन घरीं स्वस्थ पडा. तेवढें केलेंत म्हणजे तिसऱ्या घंटेनंतरचें काम आमच्याकडे लागलें.